मर रोगासाठी एक झाड

गुणवंतराव कुंडीतल्या कपाशीचं एकेक पान उलटून पाहत होते. कापूस कारखान्यातल्या टाकीत बनू लागल्यापासून वावरं ओस पडली होती. झाड उरलं होतं ते इथं प्रयोगशाळेत, मर रोगाच्या बुरशीसाठी. अभ्यासासाठी जपलेल्या बुरशीच्या साठ प्रकारांतली ही सर्वांत जहाल, गुणवंतरावांच्याच वावरातून आणलेली. नुसत्या बाटलीत तिचा जोर ओसरतो, म्हणून दरवर्षी तिला जिवंत झाड द्यावं लागे. ते गुणवंतराव लावत, बापानं शिकवल्याप्रमाणे सरकी शेणमातीत घोळून.

"यंदा झाड मरत नाही, काका," प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "बुरशीच निकामी झाली असेल, तर पुढल्या वर्षी पेरायला नको."

जन्मभर गुणवंतरावांनी या रोगाला शिव्या घातल्या होत्या. एवढ्यात तळाशी एक पिवळं, मान टाकलेलं पान दिसलं.

"लागला वो बाई, रोग लागला," ते म्हणाले, आणि डोळे पुसून पुढल्या वर्षीची सरकी निवडायला बसले.