चिंचेचा वळसा

एकाहत्तरचा उन्हाळा. जिल्ह्यातल्या शिवारांचा इतिहास लिहिणारे खिस्ते सर पुणतांब्यात भिमाजीला तिसऱ्यांदा तेच विचारत होते. सपाट रानात पायवाट मध्येच वळसा का घेते?

"चिंच हाय ना तिथं."

"अहो, ती तुमच्या आजोबांनी तोडली ना?"

"व्हय, तोडली. पर पडली न्हाई."

सरांनी वही मिटली. या माणसापुढं डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. वळसा सोडून ते तरातरा सरळ गेले आणि मधोमध उभे राहिले.

"कुठंय चिंच?"

भिमाजी सरांच्या डोक्याच्या बराच वर बघत होता.

भर दुपारी गार लागलं म्हणून सरांनी खाली पाहिलं. पायांभोवती बारीक पानांची दाट सावली होती.

वर काहीतरी करकरलं आणि ती सावली कलायला लागली.