दोन बाजूंचं माप

मनीषाने पिशवीतून अंजिरी रेशमाचा तुकडा आणि एक जुना ब्लाउज काढून टेबलावर ठेवला. ह्याच मापाने शिवून द्या, असं सांगितलं आणि खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

विजय नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत वीणाताई वीस वर्षं शिवणकाम करत होत्या. मनीषाचे सगळे ब्लाउज त्यांच्याच हातचे. गेलं वर्षभर मात्र ती फिरकली नव्हती. कॉलेजात शिकवते, वेळ मिळत नसेल, असं त्यांना वाटलं होतं. आता मनीषाच्या मुलीचा, आर्याचा, साखरपुडा आठ दिवसांवर आला होता.

वाळलीस, म्हणत वीणाताईंनी गळ्यातली टेप काढली, तशी ती दोन पावलं मागे सरकली. माप तेच आहे म्हणाली. नवरा बाहेर गाडीत थांबलाय, सराफ्यात अंगठी आणायला जायचंय, उशीर झाला तर तिथे गाडी घुसत नाही, हेही एका दमात सांगून टाकलं. वीणाताईंनी टेप परत गळ्यात अडकवली.

त्यांनी कापड उलटं करून दुहेरी घडी घातली, जुना ब्लाउज त्यावर पसरला आणि पांढऱ्या चपट्या खडूने कडेकडेने आखायला घेतलं. खांदा, गळा, मुंढा. घडीवर एकदाच आखायचं, एकदाच कापायचं, की दोन्ही बाजू अगदी सारख्या निघतात. मनीषा खिडकीशी गेली, परत आली. पंखा वाढवला. ओढणी सारखी केली, पुन्हा केली. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि लगेच बाहेर काढला. खडू छातीपाशी वळला तेव्हा ती टेबलाला अगदी खेटून उभी होती.

वीणाताईंनी कात्री उचलली.

"थांबा," मनीषा म्हणाली.

"काहून ग? काय झालं?"

मनीषाने दाराकडे बघितलं. "दोन्ही बाजू सारख्या नाहीत आता. डावी काढली. मागच्या दिवाळीत."

मग ती भराभर बोलत सुटली. गाठ, नागपूरचं ऑपरेशन, नंतरचे केमोचे महिने. कॉलेजात टायफॉइड सांगितला होता. आत पॅड घालते, पण फळ्यावर लिहायला हात वर केला की ते सरकतं, आणि मग पूर्ण तास पोरांकडे पाठ करून उभं राहावंसं वाटतं. घरातसुद्धा कुणाला बघू दिलेलं नाही. नवऱ्याला, सुशांतलाही नाही. कपडे बदलायचे तर ती आतून कडी लावते. हे रेशीम आर्याने स्वतः निवडून आणलं होतं, आईने हेच घालायचं म्हणून, आणि ते घरात आल्यापासून मनीषाला धड झोप नव्हती.

वीणाताईंनी फडक्याने खडूच्या रेघा पुसल्या. सगळ्या गेल्या नाहीत. मग घडी उलगडून कापड टेबलभर एकेरी पसरलं.

दोन बाजू वेगवेगळ्या आखू, असं त्या म्हणाल्या. फक्त आत पॅड राहणार की नाही, ते आधी कळायला हवं.

"माहीत नाही," मनीषा म्हणाली. "सगळे म्हणून राहिले, घाल. फोटो येतील म्हणे."

"सगळ्यांना नाही शिवून राहिले मी. शिवण कुठे टोचते, ते दाखव."

मनीषा दारापर्यंत गेली. वीणाताईंना वाटलं, निघाली. पण तिने दार लोटून घेतलं. ओढणी खुर्चीवर टाकली. पाठमोरी होऊन आतलं पॅड काढलं, पर्समध्ये कोंबलं आणि वळली. मग वीणाताईंचा हात धरून तिने आपल्या निळ्या कुडत्यावर टेकवला आणि काखेपासून मधल्या हाडापर्यंत सावकाश फिरवला. एका जागी तिने दात आवळले. इथे, म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या हाताने शेकडो बायकांची मापं घेतली होती. तो तिथे क्षणभर तसाच राहिला. मग वीणाताईंनी दुसऱ्या हाताने खडू घेतला आणि व्रणाच्या वाटेने कुडत्यावरच तिरपी रेघ ओढली. शिवण ह्याच्या बोटभर वरून नेऊ, खाली काही यायला नको. त्यांनी टेप लावली. उजवीकडचं माप कागदावर लिहिलं, त्याच्याखाली डावीकडचं. तेवढा वेळ मनीषा हलली नाही.

ती बाहेर आली तेव्हा ओढणी तिच्या हातावर होती. ती गाडीत शेजारी बसली तशी सुशांतची नजर कुडत्यावरच्या पांढऱ्या रेघेवर गेली, घाईने समोरच्या रस्त्याकडे वळली आणि पुन्हा तिथेच आली. झटकायला त्याने हात पुढे केला, पण तो मधेच थबकला.

"काही लागलंय तिथे," तो म्हणाला.

"राहू द्या," मनीषा म्हणाली. "माझं माप आहे ते."