टाकी मीच धुतली

पुतणीला परत जुलाब. डॉक्टर म्हणाले, बोटीवरचं पाणी बघा. आम्ही सगळे बोटीवरच राहतो आणि पिण्याच्या पाण्याची टाकी धुणं माझं काम, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, टाकी धुता की आत जाऊन झोप काढता?"

डोकंच फिरलं माझं. होतं नव्हतं ते पाणी सोडून दिलं, टाकीत पालथा घुसून कोपरा न् कोपरा घासला. मग ब्लीचचं पाणी भरून ठेवलं आणि वास जाईपर्यंत टाकी खळबळून काढली. डोळे चुरचुरले, पाठ गेली कामातून. नवं पाणी नेहमीसारखं काकांनीच भरलं, ते काम ते कुणाच्या बापाला करू देत नाहीत.

आठवडा नाही झाला आणि पोरगी सलाईनवर. दादा माझ्याशी बोलेना. जेवायला बसलो की वहिनी उठून जायची.

आज काका पाणी भरायला लागले तसा मी मुद्दाम शेजारी जाऊन उभा राहिलो. टाकीत सोडलेल्या पाइपाकडे बघून विचारलं, "काका, हा पाइप तरी स्वच्छ आहे ना?"

काका भडकले. "आता तू मला शिकवणार? याच्याइतका धुतलेला पाइप अख्ख्या धक्क्यावर दाखव मला."

&nbsp;

"रोज सकाळी संडासाची टाकी यानंच तर धुतो मी."