गोजर, डोळखांब

मुरबाडच्या सायबर कॅफेत अनिताने रानफुलांच्या ऑनलाइन ग्रुपचं पान उघडलं. फुलांविषयी बोलायला सहा वर्षं तिला हीच माणसं होती. प्रत्येक फोटोखाली ती फूल दाखवणाऱ्याचं नाव लिहायची. या वेळी ‘गोजर, डोळखांब’ असं लिहिलं होतं; ती मोळी विकते, हेही. ते नाव बघायला गोजरमावशी आज डोंगर उतरून आली होती आणि शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. खाली उत्तरं आली होती. ‘गोजरबाई कुठल्या विद्यापीठाच्या?’ ‘मोळी विकता विकता संशोधन वाटतं?’ शेवटी ग्रुपप्रमुखांनी बजावलं होतं, ‘ते नाव काढा, नाहीतर ग्रुप सोडा.’ “माझं नाव कुठं हाय, बाई?” मावशीने विचारलं. अनिताने मावशीचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. मग ग्रुप सोडायचं बटण दाबलं. सदस्यांच्या यादीतली एक ओळ गेली. मावशी दचकली. “माझं नाव गेलं काय?” “नाही मावशी, माझं गेलं.”