चाटूनपुसून

प्रभावतीबाईंनी नातीचं नाक चिमटीत धरलं. "नाक दाबलं की तोंड उघडतं. तुझा बाबा असाच शिकला."

पाच वर्षांच्या सईचं तोंड उघडलं खरं, पण घास आत जायच्या आधीच ती किंचाळली, "कुसाई!"

"काय म्हणते गं ही?"

"वास येतोय म्हणते, जपानीत. आई, नाक सोडा तिचं." नेत्राला स्वतःचंच नवल वाटलं. सासूबाई पुण्याहून आल्यापासून ती गप्पच होती. जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या त्या दोन खोल्यांत रुसून बसायलाही कोपरा नव्हता.

सासूबाईंनी नाक सोडलं, हट्ट नाही. "लाडोबा करून ठेवलाय नुसता! मी नेते हिला पुण्याला. सहा महिन्यांत सगळं खायला लागेल. केदार, आजच तिकीट काढ बाबा हिचं."

"बघतो," केदार म्हणाला. त्याचं ताट लख्ख झालं होतं, कुणी वाढलंच नव्हतं जणू.

"बघ, याला म्हणतात जेवण!"

लग्न झाल्यापासून नेत्रा ते ताट बघत आली होती. मीठ विसरलं तरी हा माणूस नाव ठेवायचा नाही. तिला त्याचं कौतुकच वाटायचं.

"केदार, आज भाजी कसली होती?"

"मेथी." तिचा चेहरा बघून त्याने घाईने सुधारलं, "नाही, पालक."

"मुळ्याचा पाला," सई म्हणाली. "कच्चा छान लागतो. शिजवला की बाबाच्या मोज्यांसारखा वास येतो."

हसलं कुणीच नाही. नेत्राने लेकीला मांडीवर ओढलं. "हिचं नाक शाबूत आहे, आई. ते तसंच राहील, आणि ती इथेच राहील. तिकीटबिकीट काही निघणार नाही."

"मग काय उपाशी ठेवणार पोरीला?"

"कच्चा खाईल."

केदारने सईच्या वाटीतली चिमूटभर भाजी उचलून तोंडात टाकली. या वेळी ती नुसती गिळली नाही. चावत राहिला. हळूहळू त्याचं तोंड वाकडं होत गेलं.

"एवढ्या हौसेने केलीय," सासूबाईंनी डाव भरून त्याच्या ताटाकडे नेला. "तुला तरी आवडते ना? घे अजून."

चाळिशीला टेकलेल्या केदारने दोन्ही तळहात ताटावर आडवे धरले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.