पेटीचं गार टोक

"सापाच्या पेटीत हिटर एकाच टोकाला का?" घाम पुसत तपासनीस कुलथ्यांनी विचारलं. "सगळीकडे अठ्ठावीस अंशच हवेत. शहरातल्या प्रत्येक घराला यंत्रणेनं तेवढंच ठरवून दिलंय. सापालाही तेच."

"सगळीकडे सारखंच असलं तर साप जगत नाही," सुलभाताई म्हणाल्या. "ऊब हवी तेव्हा तो इकडे येतो, नको झाली की त्या टोकाला जातो. त्याचं त्याला कळतं."

"यंत्रणेला जास्त कळतं, ताई. हिटर काढून नेतो मी."

सुलभाताईंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि नऊ वर्षं बंद असलेल्या खिडकीचं सरकारी सील फोडलं. गार वारा आत आला.

"आता माझ्या घरालाही दोन टोकं आहेत," त्या म्हणाल्या. "लिहा तक्रार. खिडकीपाशी बसून लिहा, घाम येणार नाही."