सागरची गाडी

कावळा शिवत नव्हता.

अकरा वाजून गेले होते. पूर्णेच्या काठावरचे दगड पाय ठेववत नाहीत इतके तापले होते, आणि सागरच्या दहाव्याचा पिंड केव्हाचा मांडून ठेवलेला. समोरच्या बाभळीवर सहा-सात कावळे बसले होते. खाली एकही येईना.

"पोराची काही इच्छा राहिली असन," गुरुजी म्हणाले. "आठवा. बोला त्याले."

इच्छा कोणती ते साऱ्यांनाच ठाऊक होतं. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला गाड्यांशिवाय दुसरं काही सुचतच नसे. घरी बापाची जुनी काळी-पिवळी जीप, आणि तोंडात सदा कोटीच्या गाड्या.

शेषरावकाका आधी पुढे झाले. "सागर, तुले थार घेऊन देतो," हात जोडून म्हणाले. काकांकडे स्वतःची एक मोपेड, तीही ढकलल्याशिवाय चालू होत नाही. मग मामांनी फॉर्च्युनर कबूल केली. मेलेल्याला द्यायचं म्हटलं की माणसं फार उदार होतात. कावळ्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

सागरचे वडील नत्थुजी पिंडाजवळ बसून होते. तीस वर्षं परतवाडा-धारणी जीप चालवलेला माणूस. पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा त्यांचा नेम. सवाऱ्या हसत. दुर्गाबाई कुरकुरत, कारण नवऱ्याचा प्रत्येक शर्ट आधी उजव्या खांद्यावर विरायचा. सागरला बापाची तेवढी एक सवय लागली होती, पट्ट्याची.

घाटातल्या वळणांवर नत्थुजींनी कधी कोणाला ओरखडा येऊ दिला नाही. आणि त्यांच्या पोरानं सपाट रस्त्यावर गाडी पलटी केली. त्यातही सागरनं शब्द दिला होता. "लायसन येईपर्यंत स्टेअरिंगले हात नाही लावत बाबा, तुमची शप्पथ." तरी त्या दिवशी अकोल्याहून अमरावतीला येताना त्यानं मित्राची गाडी हट्टानं चालवायला घेतली. मूर्तिजापूरच्या पुढे सगळं संपलं.

मित्र ललित वाचला. लोक धावत येईपर्यंत त्यानंच सागरला बाहेर ओढून काढलं होतं. काय झालं तेही त्यानंच सांगितलं, आधी पोलिसांना, मग घरी येऊन, नत्थुजींचे पाय धरून.

शेवटची आंघोळ नत्थुजींनी स्वतः घातली. दवाखान्यातले टाके सोडले तर पोराच्या अंगावर मोठी जखम नव्हती. डाव्या खांद्यापासून खाली कमरेपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ होता, तेवढाच. त्यावर पाणी घालतानाही बापाचा राग गेला नव्हता.

"बापाची शप्पथ मोडून गेला," ते रोज म्हणत.

"नाही मोडणार माहा सागर," दुर्गाबाई म्हणत. त्यांच्याकडे दुसरा काही पुरावा नव्हता.

आता त्याच बोलल्या. "ललितले पुढं बोलवा. नेमकी कोणती गाडी ते त्याले माहीत असन."

ललित सगळ्यांच्या मागे लिंबाखाली उभा होता. मे महिन्याचं ऊन, आणि याच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. सागर अकोल्याला शिकायला होता, तेव्हा जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर दोघांचा एकच खेळ चाले. एकानं म्हणायचं, पैशाची चिंता नाही, बोल कोणती? दुसऱ्यानं सांगायचं.

"आंघोळ करून ये," गुरुजी म्हणाले. "ओल्या अंगानं बोल्लं पाहिजे."

"मले जरा बरं नाही."

"पाच मिनिटाचं काम हाय बाबू," शेषरावकाका म्हणाले. "त्याच्यासाठी एवढं कर."

ललित नदीत उतरला. वर आला तो खांद्यांवरून टॉवेल गुंडाळूनच. पिंडासमोर हात जोडले. 

"पांढरी. सात सीटवाली. आधी रोज नवीन सांगे, पण शेवटी शेवटी हेच म्हणे. मागच्या सीटवर आई आडवी होऊन झोपन. अन् बाबा माह्या बाजूले डावीकडे बसतीन. तीस वर्षं बाबानं फक्त रस्ताच पायला, म्हणे. आता मी चालवीन, ते खिडकीतून बाहेर पायतीन."

दुर्गाबाईंनी पदर तोंडावर घेतला. नत्थुजी उठले. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घेतो बाबू," ते पिंडाला म्हणाले. "जीप विकतो, पांढरी घेतो. तुया बाजूले बसतो."

सगळे बाभळीकडे पाहत राहिले. कावळे होते तिथेच होते.

"आता आनखी काय पाहिजे त्याले," म्हणत नत्थुजींनी ललितला मिठी मारली आणि हमसून रडू लागले. पोरगं त्यांच्या हातांत ताठ झालं. टॉवेल घसरून खाली पडला.

दहा दिवसांनी ललितच्या अंगावरचा वळ पिवळा-हिरवा पडला होता, पण मिटला नव्हता. नत्थुजींचं रडणं थांबलं. त्यांनी एक बोट त्या वळावर टेकवलं आणि उजव्या खांद्यावरून छातीवर, छातीवरून डाव्या कमरेपर्यंत हळूहळू खाली नेलं. दुसरा हात आपसूक स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला.

"काका," ललित म्हणाला. 

नत्थुजींनी त्याला सोडलं. पिंडासमोर येऊन तापल्या दगडावर तसेच बसले.

"तू डावीकडं बसला होता बाबू," ते म्हणाले. "तू शप्पथ नाही मोडली."

दुर्गाबाईंनी तोंडावरचा पदर काढला तेव्हा कावळा पिंडाला शिवला होता.